हात ठेवण्याआधी

"ठेवू का?"

एवढं विचारल्याशिवाय ती बाई कशालाच हात लावत नसे. आधी दोन्ही तळवे लुगड्याला पुसायची. मग ते एकमेकांवर घासायची, इतके की जवळ बसलेल्याला त्याचा कोरडा आवाज ऐकू येई. मग गरम झालेले तळवे समोरच्या माणसाच्या अंगापासून वीतभर अंतरावर आणून थांबवायची आणि विचारायची, "ठेवू का?" तोंडाने 'हो' आलं तरी लगेच ठेवायची नाही. मान जराशी वाकडी करून खांद्यांकडे बघायची, पोटाकडे बघायची. तिथूनही होकार आला असं वाटलं तरच तळवे खाली यायचे.

तुमच्यापैकी जे चार-पाच वर्षांपूर्वी बोरीवलीला राहिले असतील त्यांनी तिला पाहिलंच असेल. गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली, तांबड्या चौकड्यांचं लुगडं नेसणारी, उन्हातान्हात अनवाणी चालणारी बुटकी बाई. हातात तेलाची बाटली. बाटलीला बूच म्हणून नारळाच्या काथ्याचा बोळा.

आमच्या घरमालकीण जोशीकाकू तिची फार थट्टा करत. एकदा त्यांनी तिला परसातला फणस फोडायला बोलावलं. हिने हाताला तेल चोळलं, तळवे घासले आणि फणसासमोर बसून विचारलं, "ठेवू का?"

"अगं, तो काय बोलणार आहे तुझ्याशी?" काकू म्हणाल्या.

"बोलतो ना. कच्चा असला तर गप बसतो."

तिने फणस हुंगला आणि तसाच ठेवून निघून गेली. काकूंनी रागारागाने स्वतः फोडला. कच्चा निघाला.

आरे कॉलनी तेव्हा नवी होती. शहरातल्या तबेल्यांमधून तिथे म्हशी आणत होते. त्यातली एक म्हैस कोणाला कासेला हात लावू देईना. ही तिच्यासमोर सकाळपासून उभी राहून पुन्हा पुन्हा विचारत होती. गवळी कंटाळून म्हणाला, "बाई, ये भैंस है, मेमसाब नहीं."

"मेमसाब असती तर कशाला इचारलं असतं? ती आपनच बोलली असती," ही म्हणाली. दुपारी म्हशीने अंग झाडलं, मान खाली घातली आणि धार काढू दिली. ही गोष्ट ती स्वतः कधी सांगत नसे. गवळीच सगळीकडे सांगायचा.

बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावणं, सरकलेली बेंबी जागेवर आणणं, लचकलेला पाय चोळणं, ही तिची नेहमीची कामं. पण आणखी एक काम ती करत असे. ज्यांच्या अंगात धसका बसून राहिला आहे, वर्षानुवर्षं निघालेला नाही, अशांच्या घरी ती जायची. ब्रह्मदेशाच्या लढाईवरून परतलेला एक शिपाई होता, तो भिंतीला पाठ लावल्याशिवाय जेवत नसे. मालाडला येऊन राहिलेली एक निर्वासित सिंधी आजी होती, ती पाच वर्षं गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या बसल्याच झोपत असे. आणि आमच्या घरात माझी बायको होती, इंदू.

इंदूबद्दल सांगायचं तर आधी चव्वेचाळीस साली गोदीत झालेल्या स्फोटाबद्दल सांगायला हवं. तेव्हा आम्ही गोदीजवळ एका चार मजली इमारतीत राहत होतो. पहिला स्फोट झाला, पाठोपाठ दुसरा. दुसऱ्यात आमचा जिना कोसळला आणि इंदू खाली सापडली. डावा हात तुळईखाली अडकलेला, तोंडात चुन्याची धूळ. संध्याकाळी लोकांनी बाहेर काढली. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नशीब. पण त्या दिवसापासून तो हात अर्धा उघडाच राहिला. त्याची मूठ वळेना. एक डॉक्टर म्हणाले, नसांत दोष नाही. दुसरे म्हणाले, अशक्तपणा आहे. तिसऱ्यांनी झोपेचं औषध दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मूल होऊ द्या, सगळं ठीक होईल."

मूल होण्याचा प्रश्नच नव्हता. मी जवळ गेलो की ती नको म्हणत नसे. ती कशालाच नको म्हणत नसे. "चहा घेतेस?" "हो." "देवळात जायचं?" "हो." "खिडकी लावू?" "हो." "उघडू?" "हो." पण अंग लाकडासारखं होई आणि डोळे कुठेतरी लांब जात. अशा माणसाला जवळ घेताना आपल्यालाच आपली भीती वाटते. पुढे पुढे मी जवळ जायचंच सोडून दिलं.

शांतता मिळावी म्हणून मी बोरीवलीला बिऱ्हाड केलं. इकडे ताडाची झाडं, भाजीचे मळे आणि संध्याकाळी कोल्हेकुई. पण घर घेताना एक गोष्ट मी चौकशी करून घेतली नव्हती. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी दगडाची खाण होती आणि रोज दुपारी बाराला तिथे सुरुंग उडत.

आधी एक लांब शिट्टी व्हायची. मग कोणीतरी पत्र्याचा डबा बडवायचा. मग काही क्षण काहीच नाही. मग तो आवाज यायचा, आणि मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची.

माझी नोकरी दुपारपाळीची, त्यामुळे बाराच्या वेळी मी घरीच असे. इंदू अकरापासून गप्प होई. साडेअकराला चूल विझवी. पावणेबाराला भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसे, गुडघे पोटाशी घेऊन, पाय जमिनीपासून जरा वर उचललेले, जणू जमीन तापलेली आहे. आवाजानंतर तासभर तिला बोलता येत नसे. आणि खरं सांगतो, त्या शिट्टीची मलाही तिच्याइतकीच भीती वाटे. फरक एवढाच की मी पेपर उघडून बसत असे.

जोशीकाकूच एकदा म्हणाल्या, "अहो, ती तेलवाली बोलवा. विचित्र आहे मेली, तेल लावायलासुद्धा आधी अर्ज करते. पण गुण आहे हाताला."

ती आली तेव्हा अकरा वाजले होते. दारातच थांबली.

"येऊ का गो बाय?"

"हो," इंदू म्हणाली.

ती आत आली, पण लांबच बसली. मला म्हणाली, "भाऊ, तुमी कुटं बसनार?"

"मी? इथेच, दाराशी."

"तुमाला नाय इचारलं. बाय, यांना कुटं बसवू?"

इंदूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुठंही."

"कुटंही म्हंजे कुटंच नाय," ती हसून म्हणाली. मग मला खुणेने ओट्यावर बसवलं, उघड्या दारातून दिसेन असा. पहिल्या दिवशी तिने तेलाची बाटली उघडलीसुद्धा नाही. तांदूळ निवडत बसली आणि इंदूकडूनही निवडून घेतले. जाताना फाटकाशी मला म्हणाली, "तुमची बाय सगल्याला हो बोलते."

"स्वभावाने गरीब आहे."

"गरीब नाय. बाहेर जायला वाटच नाय तिला, म्हनून हो बोलते. एक सांगून ठेवते, भाऊ. ज्या दिवशी ती मना नको बोलेल ना, त्या दिवशी समजा ती परत यायला लागली. तवर घाई नाय करायची."

हे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवा. मी ते ठेवलं होतं. पुढे मी जे केलं ते विसरून केलं असं मला म्हणता येणार नाही.

ती मंगळवारी आणि शनिवारी येऊ लागली. सुरुवात पायांपासून. कोमट तेल, गरम मिठाची पुरचुंडी. दर वेळी तळवे वीतभर लांब थांबायचे, "ठेवू का?", आणि इंदूचं अंग होकार देत नसलं तर तळवे तसेच मागे जायचे. कितीतरी दिवस फक्त एवढंच चाललं. मी ओट्यावरून पाहायचो आणि मला वाटायचं, ही बाई काही करतच नाही.

मग एका शनिवारी तिने शिट्टीची वेळ साधली. खाणीत शिट्टी झाली, इंदूचे पाय वर उचलले गेले. तेलवाली तिच्यासमोर जमिनीवर मांडी ठोकून बसली.

"पाय कुटं हायेत गो तुजे?"

इंदूचे पाय तसेच वर.

"टेक. जमीन हाय बघ खाली. माज्याखाली हाय ना? मंग तुज्यापन हाय. टेक. आता चूल फुंकते ना, तशी फुंक. लांब. अजून लांब. धूर झाला बघ डोल्यात."

स्फोट झाला. भांडी किणकिणली. इंदू नखशिखान्त थरथरू लागली, दात वाजू लागले. मी धावत आत गेलो आणि तिचे खांदे धरणार, तोच ती बाई ओरडली, "हात नाय!" इतक्या मोठ्याने मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "थरथरू दे. म्हैस पान्यातून वर आली का अंग झाडते, तिला कोन धरतं का? आतलं बाहेर पडतंय."

इंदू थरथरली, मग घामाघूम झाली, मग भिंतीला टेकून झोपली. भर दुपारी, दार उघडं असताना, झोपली. गोदीतल्या स्फोटानंतरच्या नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. तेलवालीने हळूच भांडी सारखी केली आणि मला डोळ्यांनीच सांगितलं, चला.

त्यानंतर घरात बारीकसारीक फरक पडू लागले. इंदू बाराच्या आधी चूल विझवेनाशी झाली. एकदा भाजीवालीशी घासाघीस केली. जोशीकाकू म्हणाल्या, "काय हो, आवाज आहे की तुमच्या बायकोला!" मी हसलो. पण मनात आनंदापेक्षा दुसरंच काहीतरी होतं, आणि ते दिवसेंदिवस वाढत होतं.

एकदा मी त्या बाईला विचारलं, "हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

ती काथ्याचा बोळा बाटलीत दाबत होती. म्हणाली, "कोनी नाय. मना लहानपनी कोनी इचारलं नवतं, म्हनून मी इचारते." आणि बाटली उचलून चालू लागली. यापलीकडे तिच्याबद्दल मला काही कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पायांनंतर पाठ झाली, पाठीनंतर उजवा हात. मग एका मंगळवारी ती डाव्या हाताशी आली. तळवे थांबले. बराच वेळ थांबले. इंदूने 'हो' म्हटलं होतं, अंगही विशेष आखडलेलं नव्हतं. शेवटी तिने दोन बोटं मनगटावर टेकली आणि डोळे मिटले.

"भाऊ बोलले, तुलई हिकडं पडलेली," ती कोपराजवळ दाखवून म्हणाली. "मंग मनगट का घाबरलंय? मनगटाला काय झालं गो?"

 इंदूचे डोळे उघड्या दारातून ओट्याकडे वळले. माझ्याकडे. तेलवालीनेही तिच्या नजरेमागून पाहिलं. मी पेपर वर केला.

आता सांगतो. पहिला स्फोट झाला तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. मला दोन दिवस ताप होता म्हणून मी घरी होतो. काचा फुटल्या, आकाश काळं झालं. मी इंदूचं डावं मनगट धरलं आणि जिना उतरू लागलो. ती अनवाणी होती, काचांवरून सावकाश येत होती. मी ओढत होतो. पहिल्या मजल्यावर आलो तेव्हा दुसरा आवाज झाला आणि वरची भिंत हलताना मी पाहिली. खाली दार दिसत होतं, दहा-बारा पायऱ्या. ती म्हणाली, "थांबा, पायात—" आणि मी माझी बोटं उघडली. गर्दीत हात निसटला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तिच्या आईला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. गर्दी नव्हती. जिन्यात आम्ही दोघंच होतो. मी रस्त्यावर पोहोचलो तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते हे की मी हलका झालो आहे.

तिने याबद्दल एक शब्द कधी काढला नाही. मी असं धरून चाललो की धुळीत, अंधारात, तिला कळलं नसेल. नऊ वर्षं मी त्याच आधारावर जगलो. आणि आता एक अनवाणी बाई दोन बोटं टेकून ते वाचू लागली होती.

त्या मंगळवारपासून मला धड झोप येईना.  खाणीची शिट्टी परवडली, पण "ठेवू का?" हे दोन शब्द ऐकले की माझ्या हातापायांना गार घाम फुटे. मी ओट्यावर बसून राही आणि कान आत लावी. मनगट कधी बोलेल, काय बोलेल.

तेलवालीला ते दिसलं. तिला कसं दिसणार नाही? एका शनिवारी आत जाण्याआधी ती ओट्यावर माझ्यासमोर बसली. तळवे पुसले, घासले आणि माझ्या उजव्या हातापासून वीतभर लांब धरले.

"भाऊ, तुमचं पन अंग घाबरलंय. ठेवू का?"

मी काय सांगू तुम्हाला, त्या तळव्यांची ऊब मला लागत होती. हो म्हणायला फक्त ओठ हलवायचे होते.

"नको," मी म्हणालो.

तिने तत्काळ हात मागे घेतले. वाईट वाटून घेतलं नाही, आग्रह केला नाही. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतरच्या मंगळवारी ते घडलं. तिने डाव्या मनगटावर तळवे धरले, विचारलं, "ठेवू का?" आणि आतून आवाज आला, स्पष्ट, जरा घोगरा.

"नको."

 मग ती बाई एकदम हसली, आणि हसता हसता रडू लागली. "परत बोल गो."

"नको."

"परत बोल!"

"नको, नको, नको!" इंदू म्हणाली, आणि तीही हसली. मी ते हसणं ऐकलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती तसं हसायची, जरा नाकातून, अडखळत. ते ऐकून एखादा नवरा आत धावला असता. मी ओट्याचा खांब धरून बसलो. माझ्या डोक्यात एकच विचार होता. आज नको म्हणाली, उद्या ती बाकीचंही म्हणेल.

तेलवाली निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. ती पदराने डोळे पुसत होती. "भाऊ, साखर वाटा," म्हणाली.

"आता तुम्ही येऊ नका," मी म्हणालो.

तिचा पदर डोळ्यांशीच थांबला.

"तिनेच नको म्हटलं ना. मीसुद्धा ऐकलं. तिला नको असताना कशाला?"

"ती हाताला नको बोलली, भाऊ. माज्या येन्याला नाय. तुमाला म्हायती हाय ते."

मला माहीत होतं. मी फाटकाची कडी हातात धरून उभा होतो. म्हणालो, "मग मी म्हणतो. मी म्हणतो, नको."

दुसरी कोणी असती तर भांडली असती, घरात जाऊन इंदूला सांगितलं असतं, निदान शिव्या तरी दिल्या असत्या. पण आयुष्यभर ज्या एका शब्दाचा तिने मान राखला तोच शब्द मी तिच्यापुढे आडवा टाकला होता. हे माझ्या लक्षात होतं, आणि म्हणूनच मी तो वापरला.

तिने तळवे लुगड्याला पुसले. "बरं," म्हणाली. "तुमचा नको पन नकोच."

आणि गेली.

इंदूला मी सांगितलं की ती बाई बाहेरगावी नातेवाइकांकडे गेली आहे, बरेच दिवस येणार नाही. इंदूने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. अगदी त्या बाईसारखं.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. इंदू पुन्हा गप्प झाली, पण पूर्वीसारखी नाही. शिट्टी झाली की ती कोपऱ्यात जाई, पण पाय टेके आणि लांब फुंकर घाली. एकटीच. मी पेपराआडून बघत असे. ती मला काही विचारील याची मी रोज वाट पाही, आणि ती काही विचारत नसे, त्याची भीती त्याहून जास्त. एकदा बाजारात तेलवाली समोरून आली. मला पाहून ती थांबली, सवयीने तळवे पुसू लागली, मग थांबून बाजूने निघून गेली. मी केळी घ्यायला गेलो होतो, तसाच परत आलो.

पुढल्या वर्षी उन्हाळ्यात इंदूचं बिनसलं. जेवणावरून मन उडालं. एक दिवस सुरुंगाच्या आवाजाने ती खाटेखाली गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मी कामावर गेलो नाही. खाटेशेजारी जमिनीवर आडवा होऊन तिला हाका मारत होतो. ती माझ्याकडे बघत होती, पण बोलत नव्हती. मला तो जिना दिसू लागला. ती आत, मी बाहेर. मला वाटलं, या वेळीही मी दाराकडेच पळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावठाणात गेलो. तिचे पाय धरायचे आणि सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. रस्ताभर तेच घोकत होतो.

तिचं घर बंद होतं. समोर क्रूसाच्या चौथऱ्याजवळ एक तरुण बाई जाळ्यावर सुकत घातलेले बोंबील उलटत होती. तिची भाची.

"मावशी गेली," ती म्हणाली. "पंधरा दीस झाले. ताप आलता."

मी तिथेच चौथऱ्यावर बसलो. ऊन चढत होतं. मी कोण ते तिला सांगितलं.

"अरे, तुमी ते व्हय! तुमची बाय आलती ना मातीला."

"कोण?"

"तुमची बाय. इंदू ना नाव? मावशी नेमी बोलायची तिचं. भाजीवालीकडनं कललं तिला. एकटीच आलती, चालत. सगल्यांच्या मागं उबी होती. तुमाला नाय म्हायती?"

घरातून फाटकापर्यंत एकटी न जाणारी माझी बायको दीड मैल चालून गेली होती. त्या दिवशी मी कामावर होतो. आल्यावर तिने मला वाढलं होतं. तिच्या पायांवर धूळ होती का, मी पाहिलं नव्हतं. आणि त्यानंतर ती जेवत नव्हती. मी समजलो होतो की जुना आजार उलटला. ती सुतक पाळत होती.

भाची बोंबील उलटता उलटता सांगत होती. "सगल्यांनी माती टाकली. मंग ती फुडं आली. खाली बसली आनि ह्या हातानं माती उचलली." तिने डावा हात वर केला. "मूठ लवकर वलत नवती तिची. आमी सगली थांबलो. फादर पन थांबला. मंग वलली मूठ. टाकली माती."

मी माझ्या उजव्या हाताची बोटं मिटली.

"मी इचारलं तिला, नवरा नाय आला? तर बोलली, त्यांना भीती वाटते."

मी घरी आलो तेव्हा पावणेबारा झाले होते. इंदू कोपऱ्यात बसली होती. मी विहिरीवर हात धुतले, पुसले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तळवे एकमेकांवर घासले. माझ्या हातांतून तसा आवाज येईना. पुन्हा घासले. मग तिच्या डाव्या हातापासून वीतभर लांब धरले. 

"ठेवू का?"

खाणीत शिट्टी झाली. इंदूने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.  डबा बडवला जाऊ लागला.

"नको," ती म्हणाली.

मी हात मागे घेतले. "इंदू, त्या दिवशी जिन्यात मी—"

"माहीत आहे." तिचा आवाज शांत होता. ती माझ्या पायांकडे बघत होती. मी उकिडवा बसलो होतो, टाचा वर, पळायच्या बेतात असल्यासारखा. "पाय टेका," ती म्हणाली. "जमीन आहे खाली."

मी पाय टेकले. स्फोट झाला. भांडी किणकिणली आणि हळूहळू थांबली.

या गोष्टीला तीन वर्षं होत आली. खाण अजून चालू आहे. शिट्टीच्या आधी मी हात धुऊन इंदूसमोर बसतो, तळवे घासतो आणि विचारतो. ती खांद्यांकडे बघते, पोटाकडे बघते, माझ्या. मग सांगते. उत्तर अजून तेच आहे. मी हात मागे घेतो, तत्काळ, त्या बाईने घेतले असते तसे.